हातचा एक

मार्चमध्ये मी फेलिम मॅकअर्डलच्या अंगणात उभा होतो,
हातात ब्रोनाने दिलेला चहा,
आणि शाफ्टवरचं पिवळं कव्हर
मधोमध तडकलेलं, निळ्या सुतळीने बांधलेलं,
मी पाहिलं होतं.
यंत्रं दुरुस्त करतो मी. पाहणं हाच माझा धंदा.
म्हणालो, हे बदलायला हवं.
तो म्हणाला, हो, बदलू की.
मग आम्ही दुधाच्या भावावर बोललो,
बॅलीबेच्या संघाने घालवलेल्या सामन्यावर,
आणि मी व्हॅन वळवली.
नवं कव्हर व्हॅनमध्येच होतं.
साठ युरो.

मिनिटाला पाचशे चाळीस फेरे,
सेकंदाला नऊ.
माणूस "अरे" म्हणतो
तेवढ्यात नऊदा गुंडाळून झालेलं असतं.
शेणाचा खड्डा ढवळायला लावला होता त्याने ट्रॅक्टर,
वाऱ्याची दिशा बघून, फाटकं सताड उघडी टाकून,
वासरं पलीकडे हाकून,
कारण खड्ड्यातल्या वायूची त्याला भीती होती.
त्याचा काका त्यातच गेला होता.
भीती एका बाजूला तोंड करून उभी होती
आणि ते मागून आलं.

फेलिम सांगतो, दुखलं नाही.
आधी नुसती बाही ओढली गेली,
जत्रेत लहान मूल ओढतं तशी,
हे बघ ना, हे बघ.

कोट विरलेला होता म्हणून तो वाचला.
ब्रोना दोन वर्षं म्हणत होती, फेकून दे तो.
शिवणी उसवल्या, कोट गेला,
उजवा हात कोपरापासून गेला,
आणि फेलिम उरला, एका पायात बूट,
ओल्या काँक्रीटवर बसून
एमरला शांतपणे सांगत,
किल्ली डावीकडे फिरव, बाळा. अजून थोडी.
एमर आठ वर्षांची.
तिने फिरवली.

साडेपाचला गायी फाटकाशी आल्या.
कास भरली की गाय येते,
तिला हेलिकॉप्टरचं कोण सांगणार?
चौसष्ट गायी, हंबरत,
आणि सगळ्यांत पुढे ती एका शिंगाची, नेहमीसारखी.
तेव्हा रस्त्यापलीकडून वेस्ली आला,
बांधावरून अकरा वर्षं न बोललेला वेस्ली,
स्वतःचा रबरी अ‍ॅप्रन घालून.
कुणाला काही विचारलं नाही.
पहिल्या दिवशी गायींनी त्याला दूध चोरलं,
परक्या हाताला पान्हा फुटेना.
चौथ्या दिवशी फुटला.
बांधाविषयी ते अजूनही बोलत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मी गेलो. जायला धजावलो म्हणा.
एमर टेबलाशी बेरजा करत होती.
सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा
आणि थांबली.
ब्रोनाची पाठ आमच्याकडे, नळ चालू, खाली भांडं नाही.
फेलिमने डाव्या हाताने कप ठेवला,
हळू, कपात वासरू झोपलं असावं इतका हळू.
"एक," तो म्हणाला. "हातचा एक.
पुढच्या घरात मिळव.
विसरलीस तर सगळंच चुकतं."
मग तोच आधी हसला. मला जमलं नाही.

आता मी आधी चहा घेत नाही.
आधी अंगणात फिरतो, वाकतो,
साखळ्या अडकवल्यात का बघतो,
तडा दिसला तर न विचारता कव्हर बदलतो.
लोक कुरकुरतात. तिघांनी मला बोलावणंच बंद केलं.
बिल पाठवतो, काही देतात.
म्हातारा मॅकफिलिप्स म्हणाला, चाळीस वर्षं असंच चालवतोय मी.
मी म्हटलं, चाळीस वर्षं नाही,
सेकंदाला नऊ.
त्याला कळलं नाही. कव्हर मात्र त्याने काढलं नाही,
परवा बघून आलो.

फेलिमचा जुना शाफ्ट माझ्या शेडमध्ये आहे,
त्यावर अर्धं कव्हर,
त्यावर निळी सुतळी.
ती गाठ त्याने दोन्ही हातांनी मारली होती.
चांगली गाठ आहे.
अजून सैल पडलेली नाही.